गाढवाच्या पायऱ्या

फार पूर्वी प्राण्यांचीही दहावीपासून सुटका नव्हती. त्यांना बीजगणित शिकवायला एक जुना तराजू होता. एकदा त्याने डाव्या पारड्यात सारखेच पेरू भरलेल्या दोन पिशव्या आणि तीन सुटे पेरू ठेवून घेतले, उजव्यात अकरा पेरू. काटा मधोमध थांबला.

तराजू म्हणाला, "पेरू सगळे सारख्या वजनाचे, नुसत्या पिशवीला वजन नाही. न उघडता सांगा, एका पिशवीत किती पेरू? बरोबर सांगेल त्याचे सगळे पेरू."

"सात!" कोल्हा ओरडला. "तीन तिकडे टाकले की अकराचे चौदा, त्यांचे निम्मे सात. पायऱ्याबियऱ्या गाढवांनी कराव्यात."

म्हणून गाढवाने केल्या. त्याने डावीकडचे तीन पेरू काढले. पारडं वर गेलं. मग उजवीकडचेही तीन काढले, काटा मधोमध आला. उजवीकडे उरले आठ. त्याने एक पिशवी उतरवली, समोरचे निम्मे, म्हणजे चार पेरू उतरवले. काटा पुन्हा मधोमध.

"चार," गाढव म्हणालं. पिशवी उघडली, तर चारच निघाले.

"एवढ्याशा गणिताला इतका वेळ!" कोल्हा फिस्कारला. "शेवटी गाढव ते गाढवच."

गाढवाच्या तोंडात तेव्हा दोन पेरू होते. ते सावकाश गिळून गाढव म्हणालं, "तुझे ते सात सापडले, की एखादा मलाही चाखायला दे."