मनातल्या मनात घेतलेले नाव

श्री अलिप्तनाथ महाराज उतारवयात वेळूखिंड नावाच्या लहानशा गावी येऊन राहिले. गावाबाहेर एका चिंचेखाली त्यांचा मठ होता. मठ म्हणजे तरी काय, चार कुडाच्या भिंती आणि सारवलेले अंगण. दर्शनाला येणाऱ्याला महाराज म्हणत, "देवाची आठवण काढणारे पुष्कळ आहेत. ज्याने तुम्हाला हाताला धरून काही शिकवले, त्याची आठवण कधी काढता का?"

हे बोल मनोभावे पाळणारी गावात एकच होती, ठकूबाई धनगरीण. माणसाचे असो की मेंढराचे, निखळलेले हाड ती जागच्या जागी बसवी. पण हात लावण्याआधी, ज्यांच्याकडून ही विद्या मिळाली त्यांची नावे ती मोठ्याने घेई. "सटवाआबाचं नाव घेते. बायजाआत्तीचं नाव घेते. पयल्यांदा पाय धरू दिला त्या काळ्या मेंढीचं नाव घेते." शेवटी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत आणखी काही पुटपुटे आणि मग कामाला लागे.

दाजीशास्त्री वैद्यांना याची भारी गंमत वाटे. मनगटावर तीन बोटे ठेवली की शास्त्रीबुवा परवाचे जेवणसुद्धा ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती. ती सांगण्यात शास्त्रीबुवाच सर्वांत पुढे असत, हेही खरेच. मठात चारचौघांदेखत ते म्हणत, "ठके, हाड बसवायला येतेस की हजेरी घ्यायला? मेंढीला गुरू करणारी तू पहिलीच. आमची विद्या बघ, बापाकडून मुलाला आलेली. मध्ये कोणाचे उपकार नाहीत." लोक हसत. ठकूबाई अंगण झाडायला लागे, आणि महाराज शास्त्रीबुवांकडे नुसते बघत राहत.

नागपंचमीचा दिवस होता. मुलींनी मठाच्या चिंचेला झोके बांधले होते. त्यांत शास्त्रीबुवांची नात वेणू होती, आठ वर्षांची आईवेगळी पोर, आजोबांचा जीव की प्राण. झोका उंच गेला आणि दोर तुटला. वेणू उजव्या हातावर पडली.

शास्त्रीबुवा धावत आले. कोपर भलतीकडेच वळले होते. सवयीने त्यांनी वेणूच्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. नाडी लागेना. पोरीची बोटे निळी पडत चालली होती. हाड लवकर बसले नाही तर हा हात कायमचा वाळणार, हे त्यांच्याइतके तिथे कोणाला कळत नव्हते. लेप ठाऊक, काढे पाठ, पण निखळलेल्या हाडाला हात कसा घालतात ते त्यांना माहीत नव्हते. ते काम त्यांनी जन्मभर हलके मानले होते.

कोणीतरी ठकूबाईला पुढे केले. तिने नावे घेतली, ओठ हलवले, कोपर धरले आणि ओढ दिली. हाड जागचे हलले नाही. तिने पुन्हा ओढ दिली. वेणू किंचाळली आणि तिची शुद्ध हरपली. तीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. ठकूबाई आपल्याच हातांकडे बघत राहिली.

महाराज ओट्यावरून उतरून आले. "ठकूबाई, सगळ्यांची नावे घेतलीस?"

"व्हय म्हाराज. एक तेवढं मनात घ्येतलं, रोजच्यासारखं."

"आज ते मोठ्याने घे."

"न्हाई जमायचं. त्या माउलीनं शपथ घातलीया, कुणाम्होरं माझं नाव काढू नगंस म्हनून."

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, हिला शपथेतून सोडवा."

"मी?" शास्त्रीबुवांना अर्थ कळेना, पण विचार करायला वेळ कुठे होता? "सोडवली. कोणाचे का असेना, घे बाई नाव."

ठकूबाईने मान खाली घातली. "उमाबाईंचं नाव घेते. ह्येंच्या आईचं."

शास्त्रीबुवांच्या पायाखालची जमीन सरकली.

"मागल्या दारी गोरगरिबांची हाडं बसवायच्या त्या," ठकूबाई म्हणाली. "मी शेण न्यायला यायची, तर माझा हात धरून शिकिवलं. फुडं म्हनल्या, 'ठके, माझा दाजी आता शास्त्री झालाय. माझ्यापायी लोक त्याला हसतील. माझं नाव घेऊ नकोस.'"

शास्त्रीबुवांना सारे लख्ख आठवले. काशीहून शास्त्री होऊन परतल्यावर ते स्वतःच म्हणाले होते, "आई, मागल्या दारचे हे उद्योग बंद कर. मला लाज वाटते." आईने त्या दिवसापासून ते दार लावून घेतले. ती गेली तोपर्यंत त्यांनी तिला पुन्हा काही विचारले नव्हते.

"ज्याच्या लाजेपायी ते नाव दडले," महाराज हळूच म्हणाले, "त्याच्या तोंडून ते येऊ द्या."

सारा गाव बघत होता. त्यांनी नातीच्या निळ्या बोटांकडे पाहिले. "उमाबाईंचे नाव घेतो," ते फुटक्या आवाजात म्हणाले. "माझ्या आईचे."

ठकूबाईने कोपराला नुसता हात लावला, अजून ओढही दिली नव्हती, तोच खट् आवाज झाला. आणि शास्त्रीबुवा डोळे फाडून बघू लागले. वेणूच्या कोपरावर चार हात होते. दोन ठकूबाईचे, राकट, काळे. दोन गोरे, सुरकुतलेले, डाव्या अंगठ्याचे नख दुभंगलेले. आईच्या त्या नखावर ते लहानपणी बोट फिरवून बघत असत. त्यांनी डोळे पुसले, तेव्हा दोनच हात उरले होते.

त्यांनी वेणूचे मनगट धरले. नाडी टणटण उडत होती. काय ही महाराजांची लीला!

वेणूने डोळे उघडले. "आजोबा, ती गोरी आजी कुठे गेली? तिने माझ्या हातावर फुंकर घातली." उमाबाई तर वेणूच्या जन्माआधी दहा वर्षे गेल्या होत्या.

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि ठकूबाईकडे बोट दाखवले. गाव बघत असताना त्या गर्विष्ठ माणसाने धनगरणीच्या पायांवर डोके टेकले.

"आवं, काय करताय ह्ये!" ठकूबाई मागे सरू लागली. पण त्यांनी पाय सोडले नाहीत.

"ठकूबाई," ते रडत म्हणाले, "माझी आई मला ठाऊकच नाही. तुम्हाला ठाऊक आहे. ती कशी होती, मला सांगता का?"

ठकूबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगू लागली.