बेवारस चकरा

"थांबा! या चकरा कोणाच्या?"

गंभीरसिंह महाराज भर रस्त्यात पालखीतून उतरले आणि थेट धुरपदा कुंभारणीच्या अंगणात येऊन उभे राहिले. संक्रांत चार दिवसांवर आली होती. धुरपदाने चाकाच्या भोकात काठी घालून त्याला गरागरा फिरवले होते, काठी बाजूला ठेवली होती आणि फिरत्या चाकावर ती संक्रांतीची सुगडं झपाझप काढत होती.

"कोणाच्या म्हणजे? चाकाच्याच की, महाराज!" मातीतला हात न काढता ती म्हणाली.

"काठीनं किती वेळा ढकललंस?"

"दहा वेळा."

"आणि चाक फिरलं साठ वेळा! मी स्वतः मोजलं. दहा चकरा तुझ्या. बाकीच्या वेळी कोणी ढकललं?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही! नरहरपंत, ऐकलंत? पन्नास चकरा बेवारस!"

प्रधान नरहरपंतांनी डोळे मिटून घेतले. वडगिरीच्या राज्यात बेवारस वस्तू राजाची होत असे आणि महाराजांना हा नियम फारच आवडायचा. गेल्याच महिन्यात त्यांनी डोंगरातून परत येणारा प्रतिध्वनी बेवारस ठरवून जप्त केला होता. तेव्हापासून गुराखी एकमेकांना हाक मारताना तोंडावर घोंगडी धरत.

"महाराज, त्या बेवारस नाहीत हो," धुरपदा समजावू लागली. "मी जो जोर लावला, तो चाकात शिरला. चाक जड आहे, म्हणून तो लगेच संपत नाही, हळूहळू सरतो. काठी ठेवली तरी आत फिरतंय ते माझंच बळ."

महाराजांनी वाकून चाकाला कान लावला. कानाला चिखल लागला.

"काही बोलत नाही ते! उद्या माझ्या चकरा दरबारात आणून दे. पोत्यात आण, घागरीत आण, कशातही आण. पण एकूण एक चक्कर मला आली पाहिजे! नाहीतर चाक जप्त!"

"अहो, गावभरच्या बायका सुगडांची वाट बघताहेत! चाक नेलंत तर मी काढू कशावर? आणि पुढं घर चालवू कशावर?"

"ते तुझ्या बळाला विचार!" असे म्हणून महाराज पालखीत बसले.

दुसऱ्या दिवशी धुरपदा चाक बैलगाडीत घालून दरबारात हजर झाली. शिपायांनी खुंटा रोवला, त्यावर चाक बसवले.

"चकरा कुठे आहेत?" महाराजांनी विचारले.

"पोत्यात भरायला गेले होते, महाराज. पण पोतंच गरागरा फिरायला लागलं, त्याचं तोंड सापडेना! शिवाय चकरा ताज्याच घ्याव्यात. शिळ्या झाल्या की थांबतात."

"हं, ते खरं," महाराज गंभीरपणे म्हणाले.

"तेव्हा आपण चाकावर मधोमध बसा. म्हणजे वाटेत सांडायला नकोत. आणि दोन्ही हात पसरा, एकही निसटता कामा नये."

महाराज मांडी घालून बसले. मोलाची वस्तू स्वीकारताना हातात गदा हवीच, असा त्यांचा आग्रह. म्हणून त्यांनी दोन्ही हातांत दोन जड गदा घेतल्या आणि हात पसरले. धुरपदाने पदर खोचला आणि काठीने जोर लावला. महाराजांचे वजन चाकाहून जास्त, तिला घाम फुटला. पण चाक हलले आणि फिरू लागले.

"दहा झाल्या. या माझ्या!" तिने काठी वर उचलली. "आता इथून पुढं सगळ्या तुमच्या!"

महाराजांसमोरून सिंहासन गेले, मग नरहरपंत गेले, मग खांब गेला, मग पुन्हा सिंहासन आले.

"आली! एक आली! अहो, दुसरी पण आली!" महाराज हरखले. मग त्यांच्या भुवया आक्रसल्या. "पण फारच सावकाश येताहेत."

"महाराज, आपली वस्तू आहे, जवळ ओढून घ्यावी! कवटाळा की!"

महाराजांनी दोन्ही गदा झटकन छातीशी धरल्या मात्र, चाक सुसाट सुटले! मुकुट उडून नरहरपंतांच्या मांडीवर पडला.

"अरे! ढकललं कोणी?" महाराज ओरडले.

"कोणीच नाही!" सगळा दरबार एका सुरात म्हणाला.

घाबरून महाराजांनी हात पसरले. चाक मंदावले. पण एवढ्या चकरा सोडवेनात! त्यांनी गदा पुन्हा कवटाळल्या. चाक पुन्हा सुटले! पसरा, कवटाळा, पसरा, कवटाळा, असे बराच वेळ चालले. शेवटी एकदाचे चाक थांबले. महाराज उठले, सिंहासनाकडे निघाले आणि तीन पावलांत खांबाच्या गळ्यात पडले.

"धरा! सिंहासन धरा! पळतंय ते!"

"महाराज, काय झालं?" धुरपदाने काळजीने विचारले.

"काय झालं काय विचारतेस! चक्कर आली! मला चक्कर आली!"

"आली ना?" धुरपदाने हात जोडले. "चक्कर महाराजांना आली पाहिजे, असा हुकूम होता. आता आली, असं स्वतः महाराजच म्हणताहेत. मग मी माझं चाक नेऊ?"

नरहरपंतांनी मुकुटावरची धूळ झटकली आणि अदबीने विचारले, "महाराज, पूर्ण आली, की अजून थोडी यायची आहे?"

"अजून येतेच आहे हो!" महाराज कळवळले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले आणि खांबाला मिठी मारलेली असतानाच ते खदखदा हसू लागले. पोट हलले, खांब हलल्यासारखा वाटला, आणि ते आणखीच हसले.

"बाई, चाक तुझं, चकरा तुझ्या! राजतळ्यातली काळी माती हवी तेवढी ने, ती वाहायला आमची बैलजोडी ने. आणि मानाचं लुगडं मी स्वतःच्या हातानं देणार आहे. पण त्याआधी तुम्ही तिघी एका जागी उभ्या राहा बघू!"