संगणकाला न सांगितलेली गोणपाटं

मिरचीच्या व्यापारावर पोसलेल्या एका गावात गुरुलिंगशेटचा कांडप कारखाना होता. मिरची कुटणारे डंक धडधडायचे आणि हवेत तिखट उडायचं. शेजारी बसून देठ खुडणाऱ्या बाया दिवसभर ठसकायच्या. हौसामावशींचा खोकला तर इतका वाढला, की आता काम सुटणार असं त्यांना वाटू लागलं.

शेटनी वैजयंती नावाची इंजिनिअर बोलावली. पोरगी हुशार आणि कामाला वाघ. तिने इंच न् इंच माप घेऊन कारखाना संगणकात उभा केला. हवा कुठून शिरते, तिखटाचा कण कुठे तरंगत जातो, सगळं पडद्यावर दिसू लागलं. मागच्या भिंतीत पंखा बसवला, की तिखट बायांकडे न येता थेट बाहेर जात होतं.

"उद्याच भिंत फोडू!" शेट म्हणाले.

पण वैजयंतीला पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडेना. सध्याची हवा तरी संगणकाने बरोबर दाखवली आहे का, हे बघायला तिने भर दुपारी उदबत्ती पेटवली. धूर भलतीकडेच निघाला! उन्हाची झळ लागू नये म्हणून बाया दुपारी खिडक्यांवर ओली गोणपाटं टांगत. वैजयंतीने माप घेतलं होतं सकाळी. गोणपाटं असताना पंख्याने सगळं तिखट बायांच्याच तोंडावर ओढलं असतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती तडक शेटकडे गेली.

"भिंत फोडू नका. माझं चुकलं."

"अहो, संगणक कसा चुकेल?"

"तो नाही चुकला. मीच त्याला गोणपाटं सांगितली नाहीत."

मग दोन दिवस ती बायांच्या रांगेत बसून देठ खुडत राहिली. कोण कुठे बसतं, कुठलं दार कधी लोटलं जातं, सारं टिपून घेतलं. डोळ्यांतून धारा लागल्या.

"ताई, वाईच भाईर जावा की," हौसामावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही कुठं जाता?"

धन्य त्या पोरीची! तिने सगळं गणित नव्याने मांडलं. प्रत्येक डंकावर हवा ओढून घेणारं धुराडं बसलं. तिखट उडाल्या जागीच ओढलं जाऊन कापडी पिशवीत साठू लागलं.

आठवडा गेला. हौसामावशींनी शेटना विचारलं, "उद्यापास्नं माझ्या धाकट्या जावंलाबी कामाला आणू का?"

तात्पर्य: यंत्राला आपण सांगू तेवढंच कळतं, म्हणून ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यात बसून पाहावं, आणि चूक उमगली की ती आपल्याच तोंडाने सांगावी.