पाडून घेतलेला तट

लहानांनो, ऐका, थोरांनी तर ऐकावेच. पुष्कळ पिढ्यांपूर्वी फ्रान्स देशात लढाईलाही रीत असे. किल्ला वेढला गेला, तर तटाला खिंडार पडेपर्यंत तो शत्रूला द्यायचा नाही. खिंडार पडल्यावर दिला तर मान. आधी दिला तर राजासमोर सरदाराची तलवार मोडत आणि त्याच्या दारावरचे कुळाचे चिन्ह छिन्नीने खरवडून काढत.

अशाच एका किल्ल्यात एक सरदार अडकला होता. मोठ्या घराण्यातला, शूर, आणि वाईटही नव्हे. धान्य संपले होते. घोडे खाऊन झाले होते. राजाची कुमक येणार नाही, हे त्याला कळून चुकले होते. पण तट जाड होता. तोफा धडधडत, घरे पडत, माणसे मरत. तट मात्र उभा. सरदाराला माणसे वाचवायची होती. नावही वाचवायचे होते.

एका दुपारी शत्रूच्या सेनापतीने निरोप धाडला, ‘एकदा येऊन बघा.’ तीही रीतच होती. सरदार पांढरे निशाण घेऊन एकटाच गेला. सेनापतीने त्याला भुयारात उतरवले. जुन्या तटाच्या बरोबर खाली तोफेच्या दारूची पिंपे रचून ठेवली होती.

“आज किल्ला द्या,” सेनापती म्हणाला. “मी बत्ती देत नाही. तुमची सगळी माणसे जिवंत जातील.”

“तट उभा असताना? आमच्या घराण्यात असे कुणी केलेले नाही.”

सेनापती हसला. “मग काय, पाडून देऊ?”

सरदार हसला नाही. “पाडा,” तो म्हणाला. “त्या बाजूला वस्ती नाही. उद्या सकाळी देवळाची घंटा झाली की उडवा. तट पडला की मी निशाण दाखवतो. पण हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.”

“मी बोलणार नाही. तोवर त्या बाजूला तोफही डागत नाही, नाहीतर सुरुंग अवेळी उडेल. तुम्ही मात्र तिथे कुणाला फिरकू देऊ नका.”

“तिथे कुणी नसतेच.”

सरदार परत आल्यावर त्याच्या जमादाराने विचारले, “काय म्हणाले, सरकार?”

“काही नाही. अटी बऱ्या नव्हत्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार त्या तटाकडे गेला आणि जागच्या जागी थांबला. तटाच्या पायथ्याशी किल्ल्यातले सारे गाव बसले होते. बाया, म्हातारी माणसे, आजारी, मुले. या बाजूला गोळे पडत नाहीत, हे त्यांनी हेरले होते. जमादाराच्या बायकोने दगड मांडून कोंड्याचे पाव भाजायला घेतले होते.

“या सरकार!” ती म्हणाली. “चांगली जागा सापडली बघा. शत्रूलासुद्धा माझ्या पावाचा वास आवडलेला दिसतोय.”

लोक हसले. किती तरी दिवसांनी हसले.

“उठा इथून,” सरदार म्हणाला.

“कुठं जायचं? तुमच्या वाड्यात? त्याचं छप्पर तर काल खाली आलं.”

“हुकूम आहे. उठा.”

“कशासाठी, तेवढं सांगा. आत्ता उठतो.”

सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. एक वाक्य पुरे होते. ते त्याच्या जिभेवर आलेही. पण तट मी पाडून घेतोय, हे सांगायचे कसे? संध्याकाळपर्यंत सैन्याला कळले असते, महिन्याभरात राजाला.

“हटव यांना,” तो जमादारावर खेकसला.

“सरकार, ही घरात माझं ऐकत नाही, ती इथं काय ऐकणार? आणि नेऊ कुठं? बाकी सगळीकडं गोळे पडताहेत.”

सरदार वळला आणि पलीकडच्या बुरुजावर धावत चढला. अंगरख्यात पांढरे कापड होते. ते आत्ताच फडकवले असते, तर सेनापतीने बत्ती दिली नसती. त्याने कापड बाहेर काढले. समोर तट अखंड उभा होता. त्याला डोळ्यांपुढे आपल्या घराचा दरवाजा दिसला, दरवाजावरचे चिन्ह दिसले. हात वर जाईना. अजून घंटा कुठे झाली आहे, असे त्याने मनाला सांगितले.

घंटा झाली.

त्याने हात उंचावला तेव्हा तट नव्हता, आणि तटाखाली कुणी उरले नव्हते.

शत्रूने शब्द पाळला. उरलेल्या सैन्याला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले. मानाची वाट खिंडारातूनच असते. सरदार त्या दगडांवरून चालत गेला. मागे जमादाराने आपली तलवार खाली ठेवली आणि तो बसून एकेक दगड बाजूला करू लागला.

“चल,” सरदार म्हणाला.

“तुम्ही उठा म्हणत होतात,” जमादार मान वर न करता म्हणाला. “तुम्हाला ठाऊक होतं का, सरकार?”

सरदाराने मान फिरवली. तो पुढे गेला.

राजाने त्याला मिठी मारली, नवी जहागीर दिली. त्या तटाची कीर्ती दरबारात गाजली. म्हातारपणी सरदाराला ती सोसवेना. एकदा भर मेजवानीत उठून त्याने घडले ते सारे सांगितले. मग सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. “केवढा हा विनय!” ते म्हणाले. “गावासाठी अजून स्वतःला दोष देतो!”

तो ओरडून सांगत राहिला. टाळ्या वाढतच गेल्या. मरेपर्यंत त्याचे कुणालाही खरे वाटले नाही.

बोध: जे खरे बोलल्याने अब्रू जाते ते वेळेवर बोलावे, ते दाबून राखलेल्या अब्रूपायी दुसऱ्यांचे जीव जातात, आणि मागून बोललेले कुणाच्याही उपयोगी पडत नाही.