झिपरीची मोठी अक्षरं

फार मागे, प्राणी नुकतेच वाचायला शिकले होते, तेव्हा झिपरी नावाची एक म्हातारी अस्वलीण होती. दोन वर्षांपासून तिला पुस्तकातलं अक्षर दिसेना. बाजारात अक्षरं हवी तेवढी मोठी करणारा ई-रीडर आला, तसं तिनं तो घ्यावा का, यावर सगळं जंगल बोलू लागलं.

“पण मावशी, त्याला कागदाचा वास नाही!” ससा म्हणाला. मग हरणानं, साळुंकीनं, माकडानंही तेच ऐकवलं.

झिपरी वैतागली. “अरे, नाक शाबूत आहे माझं! गेलेत ते डोळे. तुमच्यापैकी एकानं तरी मला चार पानं वाचून दाखवली का?”



झिपरीनं ई-रीडर घेतला, अक्षरं जांभळाएवढी केली, आणि त्या दुपारी कितीतरी दिवसांनी जंगलानं तिला एकटीच खदखदून हसताना ऐकलं.