पिवळा अंगठा

एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत चित्रांचं एकच पुस्तक होतं. त्यात अस्वलाचं पिल्लू आईचं मडकं फोडतं, घाबरून लपतं आणि शेवटी पुढे येऊन सांगतं, "आई, मडकं मी फोडलं." दर शनिवारी बाई ही गोष्ट वाचत. शेवटचं पान आलं की सगळा वर्ग हे वाक्य एका सुरात ओरडे.

पुस्तक धरून पानं उलटायचा मान दर वेळी एका मुलाला मिळे. बाईंचा नियम कडक होता. आधी हात धुवायचे, तळवे दाखवायचे. पुस्तकावर जो डाग पाडेल, त्याने वर्षभर पुस्तकाला हात लावायचा नाही.

त्या शनिवारी जिची आई हळद कुटायची, त्या मुलीची पाळी होती. आईला मदत करून तिचे तळवे कायम पिवळे असत. सकाळी तिने ते राखेने तीनदा घासले, तरी रंग गेला नाही.

बाईंनी पुस्तक उघडलं आणि त्या थबकल्या. पिल्लाच्या तोंडावर अंगठ्याचा पिवळा डाग होता.

"कोणी केलं हे?"

सगळ्यांच्या नजरा मुलीच्या हातांकडे वळल्या. "दुसरं कोण? ही पिवळीच!" मागून एक मुलगा म्हणाला. "काल सुटीत वर्ग हीच झाडत होती."

"मी नाही, बाई. मी अजून पुस्तकाला हातसुद्धा लावला नाही. आज पहिलीच पाळी माझी."

"खोटं बोलू नकोस. मागे जाऊन बस."

मुलगी भिंतीला टेकून बसली. रडली नाही. हात मात्र तिने परकराखाली लपवले.

मधल्या सुटीत बाईंनी डबा उघडला. भाजीचं पिवळं तेल अंगठ्याला लागलं आणि घास हातातच राहिला. काल जेवता जेवता त्यांनीच तर पुस्तक चाळलं होतं! त्यांनी घाईने ते पान काढलं. डागाभोवती तेलाची कड होती. कोरड्या हळदीला तेल कुठलं? त्यांनी आपला अंगठा डागावर ठेवला. बरोबर बसला.

बाईंच्या मनात आलं, मुलं काय म्हणतील? घरोघरी सांगतील. घंटा झाली तेव्हा त्यांनी सोपी वाट धरली.

"ये गं इकडे. जाऊ दे, या वेळी तुला माफ केलं. धर पुस्तक."

मुलगी जागची हलली नाही. "मी केलंच नाही, बाई. मग माफी कशाची? असली पाळी मला नको."

 बाईंनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. पान उघडंच होतं. डाग पडलेलं पिल्लू त्यांच्याकडेच बघत होतं.

"मुलांनो," बाई कशाबशा म्हणाल्या, "डाग मी पाडला. ही खरं बोलत होती."

 मग तो मागचा मुलगाच चाचरत म्हणाला, "पण बाई, मग नियम?"

"नियम मलाही आहे."

बाईंनी पुस्तक मुलीच्या पिवळ्या हातांत दिलं आणि त्या मुलांमध्ये सतरंजीवर जाऊन बसल्या. मुलगी एकेक पान उलटत वाचू लागली. शेवटचं पान आलं. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी ते वाक्य हळूच म्हटलं आणि बाईंनी सगळ्यांत आधी.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून त्याला माफ करणं ही दया नाही. मुलांना जो धडा शिकवायचा, तो आपल्यावर वेळ आली की आधी आपण पाळावा.