वैशाखबुवांच्या हातावर दही

एका राज्यात ऋतू पायी येत, आणि पाहुणे म्हणून राजवाड्यातच उतरत. पावसाळा येई तो घोंगडी पांघरलेल्या एका जाड्या बाईच्या रूपाने. ती बसेल तिथे तळे साचे. हिवाळा येई तो मितभाषी म्हाताऱ्याच्या रूपाने. तो शेगडीपाशी बसे आणि कोणाला कळायच्या आत निघून जाई. उन्हाळा म्हणजे वैशाखबुवा. उंच, किडकिडीत, कानांत तांब्याच्या बाळ्या, हातात काठी. हा मोठा मांत्रिक होता. चैत्र लागला की येई आणि मृग निघायच्या आदल्या दिवशी उठे.

त्या राजवाड्यावर एक जुना शाप होता. पूर्वी या वंशातल्या एका राजाने भर दुपारी दारी आलेल्या तहानलेल्या वाटसरूला पाणी न देता 'जा' म्हणून हाकलले होते. वाटसरू बोलून गेला, “या वाड्यातले जे माणूस पाहुण्याला जा म्हणेल, ते उभ्या जागी दगड होईल.” तो राजा तिथेच दगड झाला. पुढच्यांनी धडा घेतला, तो जरा जास्तच घेतला. जा म्हणायचे नाही एवढ्यावर ते थांबले नाहीत. उठलेल्या पाहुण्याला तीनदा आग्रह करायची रीत त्यांनी पाडली. पहिल्यांदा तोंडाने, दुसऱ्यांदा हात धरून, तिसऱ्यांदा त्याच्या वहाणा लपवून. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचे, यजमानाने वाईट वाटल्याचे तोंड करायचे, आणि मग वहाणा आणून द्यायच्या. सारे राज्य असेच वागे, आणि कोणाचे काही बिघडत नसे.

राजा भद्रसेन मात्र आग्रहात कोणाला हार जाणारा नव्हता. दरवर्षी तो वैशाखबुवांच्या वहाणा दाराआड लपवी. त्या वर्षी त्याने त्या थेट आपल्या सिंहासनाखाली ठेवल्या आणि वर स्वतः बसला. वैशाखबुवांचे डोळे भरून आले.

“मी दिसलो की लोक खिडक्या लावून घेतात,” ते म्हणाले. “आजवर कोणी मनापासून ठेवून घेतले नाही. महाराज, एवढा आग्रह मोडवत नाही. राहतो.”

राजाने वाईट वाटल्याचे तोंड तयार ठेवले होते. ते त्याच्या चेहऱ्यावर तसेच राहिले, आणि या खेपेला ते खरे होते.

मृग आला. पावसाळाबाई वेशीपर्यंत आली, वाड्यात आधीचा पाहुणा अजून आहे असे पाहून अवघडली आणि वेशीबाहेरच्या धर्मशाळेत घोंगडी आवळून, थेंब न सांडता बसली. पहिले आठ दिवस बायका खूष होत्या. पापड झाले, कुरडया झाल्या, सांडगे झाले, पुन्हा पापड झाले. मग गच्चीवर टाकलेला पापड आपोआप भाजून निघू लागला, तेव्हा त्यांनी लाटणी ठेवून दिली. बाजार पहाटे भरू लागला आणि सूर्य उगवताना उठू लागला. आषाढ तसाच गेला, श्रावण तसाच गेला. कोकिळा ओरडून ओरडून थकल्या आणि एके दिवशी सूर अर्ध्यावर टाकून उत्तरेला निघून गेल्या. मोरांनी पिसारे झाडून टाकले, कारण ते ओढत चालणे जड होई. अस्वले तळ्यावर आली. तळे आटल्यावर ती कोतवालीच्या पडवीत येऊन बसली, आणि कोतवालाने त्यांना काही विचारले नाही. घरोघरी रांजणाच्या गारव्याला साप निजू लागले. लोक त्यांना हलकेच बाजूला सारून पाणी घेत. मग घ्यायला पाणीही राहिले नाही.

हिवाळाही येऊन धर्मशाळेत बसला. मार्गशीर्ष लागला तरी वाड्यात वैशाखच होता.

वैशाखबुवा झोपाळ्यावर बसून असत. त्यांना काही कळत नव्हते असे नाही. पण कोणी काही म्हणत नव्हते. रोज सकाळी राजा विचारी, “मुक्कामाला काही कमी नाही ना?” ते म्हणत, “काही नाही.” एवढ्यावर दोघांचे बोलणे संपे.

त्या वाड्यात हौसा नावाची बाई दहीदुभत्याची कोठी सांभाळत असे. कपाळ मोठे, बोलणे तोडून, कामात चोख. कोठीत आता रिकामी मडकी तेवढी होती. ती हौसा रोज पुसून ठेवी. हौसाची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि कोठीशेजारच्या खोलीत जमिनीवर पडून होती. ओठ फुटलेले, अंगाला चटका लागेल असा ताप. सुईण आली, तिने पोटावर हात ठेवला आणि हौसाला बाहेर बोलावले.

“चौथ्या दिवशी कळा लागतील,” सुईण म्हणाली. “बाई, खोटे सांगत नाही. या झळीत ही त्यातून उतरायची नाही. बाळही नाही.”

हौसा कोठीत जाऊन बसली. तिला रडू येत होते, पण डोळ्यांतून काही निघेना; तेही आटले होते.

खिडकीत तांबट येऊन बसला. साऱ्या पाखरांत तोच एक राहिला होता, कारण भर उन्हात ठोके द्यायची त्याला जन्माची सवय.

“हौसा,” तांबट म्हणाला, “नऊ महिने ठोकतो आहे. घसा बसला. या पाहुण्याला आता वाटेला लाव.”

“मी दहीदुभत्याची बाई. मी काय लावणार?”

“तीच हवी. निघणाऱ्याच्या हातावर दही पडले की तो मागे फिरत नाही. राजा असो, मांत्रिक असो. या रीतीपुढे मंत्र चालत नाही.”

“दही कुठून आणू? गाई आटल्या. विरजण मेले. आणि दूध मिळाले तरी या उष्म्यात ते लागणार नाही, नासेल.”

“दूध गव्याच्या मादीकडे आहे,” तांबट म्हणाला. “विरजण जुन्या गढीतल्या नागाकडे. गारवा वाळवीच्या राणीकडे. तीन दिवस आहेत.” आणि तो उडाला.

हौसाने एक लहान मातीची वाटी पदराखाली घेतली. तुळसाच्या उशाशी सुईणीला बसवले आणि ती निघाली.

पहिल्या दिवशी ती रानात पोचली. झाडे काड्यांची झाली होती. एका कोरड्या डबक्यात गव्याची मादी उभी होती, डोंगरासारखी काळी, आणि तिच्या पायांत दोन दिवसांचे वासरू पडले होते.

“वाटीभर दूध दे,” हौसा म्हणाली.

“माझ्या वासराच्या वाट्याचे तुला का देऊ?”

“सगळे नको. अर्धी वाटी.”

“वासराला दुधाआधी सावली हवी. मी हलले की ते उन्हात पडते, उभी राहिले तर मला चरता येत नाही.”

हौसाने नऊवारीचा पदर सोडला, दोन्ही हातांनी वर ताणून धरला आणि वासरावर सावली केली. मादी चरायला गेली. सूर्य माथ्यावर आला, कलला, टेकडीला टेकला. हौसाच्या दंडांची कातडी सोलून निघाली. हात खाली आले नाहीत. संध्याकाळी मादीने अर्धी वाटी दूध दिले, मोजून मापून अर्धीच.

दुसऱ्या दिवशी ती गढीवर गेली. तळघरात सोन्याची रास होती आणि राशीवर नाग. रास शापित होती: जो एक मोहोर उचले, तो स्वतः मोहोर होऊन राशीत पडे. अर्ध्या मोहोरांवर माणसांचे चेहरे होते, आणि ते छापलेले नव्हते. राशीच्या शेंड्यावर एक मडके होते. कोण्या एका राणीने सोन्याहून जपलेले विरजण त्यात अजून जिवंत होते.

“एवढे सोने सोडून विरजण?” नागाने विचारले.

“सोन्याने दूध लागत नाही,” हौसा म्हणाली.

नागाने फणा बाजूला घेतला. हौसाने बोटाच्या पेरावर मावेल एवढे विरजण पदराच्या टोकात बांधून घेतले. दुधाची वाटी तिने रात्रभर मातीत रुतवून झाकून ठेवली होती, तरी वाटेच्या झळीने दूध आटत होते. अर्ध्या वाटीचे पाव वाटी झाले, आणि पुढे त्याहूनही कमी.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती माळावरच्या वारुळाशी आली. बाहेर दगड तापून तडकत होते, पण वारुळाच्या भोकाशी हात नेला तर आतून गार श्वास येई. वाळवीची राणी आतूनच बोलली.

“आमचा गारवा उसना देऊ. पण आमच्या घरात भांडे एकटे राहायचे नाही. हात घालून तूच धरून बस. हात हलला तर आम्ही भोक बुजवू, तुझ्या हातासकट.”

हौसाने दुधात विरजण कालवले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. दही लागताना भांडे हलवायचे नसते, हे तिला कोणी शिकवायला नको होते. वाळवी तिच्या बोटांवरून चढली. आधी वाळवीने हातातल्या लाखेच्या बांगड्या खाल्ल्या, मग चोळीची बाही खाल्ली, मग सोललेल्या दंडावर आली. हौसाने डोळे मिटून घेतले. तिने तुळसाच्या जन्माच्या दिवसापासून एकेक दिवस आठवायला घेतला, आणि मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा आतून राणी म्हणाली, “लागले. काढ.”

वाटीत दही होते. पांढरे, घट्ट, गार, आणि फक्त एक पळीभर.

ती वाड्यात आली तेव्हा दुपार टळली होती. झोपाळ्याकडे जायची वाट तुळसाच्या खोलीवरून होती. कळा एक दिवस आधीच लागल्या होत्या. दारातून जाणाऱ्या आईला तुळसाने पाहिले.

“आई,” ती म्हणाली, “हातात काय आहे? गार आहे का ते?”

“आहे.”

“मला दे ना. जीव जातो आहे.”

हौसाचे पाय उंबऱ्याशी अडले. सुईणीने तिच्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. एका पळीत एक जीव गार झाला असता, संध्याकाळपर्यंत. हौसा पुढे गेली. उभ्या आयुष्यात तिने याहून कठीण काही केले नव्हते, आणि हे चांगले केले की वाईट, हेही तिला कळत नव्हते.

झोपाळ्यावर वैशाखबुवा होते, समोर सिंहासनावर राजा भद्रसेन. हौसाने मुजरा केला आणि दह्याची वाटी पुढे धरली.

“बुवा, हात पुढे करा.”

वैशाखबुवांनी झोपाळा थांबवला. हात पुढे केला नाही. मूठ मिटून घेतली.

“हे निघणाऱ्याला देतात,” ते म्हणाले. “मी निघतो असे कुठे म्हणालो? महाराजांनी मला ठेवून घेतले आहे. तू मला जा म्हणतेस का?”

राजा उठून उभा राहिला. “हौसा, शाप आहे. बोलू नकोस.”

“महाराज, सहा महिने कोणी बोलले नाही म्हणून हे झाले,” हौसा म्हणाली, आणि वैशाखबुवांकडे वळली. “हो. जा म्हणते.”

तिची पावले दगड झाली. दगड घोट्यावर चढला, गुडघ्यावर आला.

“हे दही कोणाच्या तोंडचे आणलेस?” वैशाखबुवांनी विचारले.

“माझ्या लेकीच्या. ती आत अडली आहे. तुम्ही असलात तर उरणार नाही. तुमचा राग नाही बुवा. तुम्ही चैत्रात येऊन मृगाआधी गेलात तर आंबा पिकतो, धान्य वाळते, आम्हाला तुम्ही हवे असता. तुम्ही राहिलात म्हणून नकोसे झालात. जा.”

दगड कमरेपर्यंत आला. वाटी धरलेला हात मात्र अजून हाडामांसाचा होता आणि तो पुढेच होता.

वैशाखबुवा झोपाळ्यावरून उतरले.

“पूर्वी या दारात मला पाणी न देता जा म्हणाले होते,” ते म्हणाले. “तो वाटसरू मीच. शापही माझाच. आज दही घेऊन जा म्हणतात. शब्द तोच, पण मला तो तसा ऐकू येत नाही.” त्यांनी मूठ उघडली आणि हात पुढे केला.

हौसाने त्यांच्या तळहातावर दही घातले. त्यांनी ते चाटून घेतले आणि डोळे मिटले. इतके गार त्यांच्या जिभेला कधी लागले नव्हते. दगड कमरेवरून उतरला, गुडघ्यावरून उतरला, आणि हौसाच्या पायांखालची फरशी पुन्हा तिला पोळू लागली. शाप संपला. राजा भद्रसेनाने सिंहासनाखाली वाकून स्वतःच्या हाताने वहाणा काढल्या, पुसल्या आणि पाहुण्याच्या पायांशी ठेवल्या. आग्रह त्याने केला नाही. ओठांवर आला होता, तो गिळला.

वैशाखबुवा काठी टेकत निघाले. एकदाही मागे पाहिले नाही. ते जसे जात तशी झळ त्यांच्यामागे ओढली जाई. वेशीबाहेर धर्मशाळेत हिवाळा उठला, पावसाळाबाईला म्हणाला, “आधी तुम्ही. तुमची पाळी चुकली आहे.” बाईने घोंगडी सावरली. पडवीतली अस्वले उठून, कोतवालाला काही न सांगता, रानाच्या वाटेला लागली.

हौसा यातले काही पाहायला थांबली नाही. ती धावत आत गेली. तुळसाचे डोळे मिटलेले होते. हौसा तिच्यापाशी बसली, रिकाम्या वाटीला आतून बोट फिरवले, कडेला लागले होते तेवढे पुसून घेतले आणि लेकीच्या फुटलेल्या ओठांवर लावले.

तुळसाने जीभ फिरवली.

“गार आहे,” ती म्हणाली, आणि आईचा सोललेला हात घट्ट धरून पुढची कळ दिली. दिवेलागणीला मुलगी झाली, आणि मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या.

त्या राज्यात जसे ऋतू वेळेवर आले आणि वेळेवर गेले, तसे ते तुमच्या-आमच्या दारी येवोत आणि जावोत.